मृगाच्या आत परत

अकोल्याचं नाव महाराष्ट्रभर गाजतं ते एप्रिल-मे महिन्यांत, टीव्हीवरच्या तापमानाच्या तक्त्यात. पुण्याचे लोक ३९ अंशांवर हवालदिल झालेले असतात तेव्हा अकोला ४४-४५ वर निवांत बसलेलं असतं. अमरावती एखाद्या अंशानं मागे पडली की आम्हा अमरावतीकरांना उगाच चुटपूट लागते. आणि तक्त्यात पहिला नंबर आला की अकोल्याच्या माणसाच्या आवाजात खानदानी गुर्मी येते. ‘तुमच्याकडं काय बाप्पा, संध्याकाळी गार वारा तरी सुटते,’ असं तो अमरावतीच्या पाहुण्याला सांगतो. दोन गावांतलं अंतर धड शंभर किलोमीटर नाही.

या दिवसांत दुपारी बारा ते पाच गाव मिटलेलं असतं. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारायचं, टाकीचा तळ दिसत नाही ना हे बघायचं, पन्हं प्यायचं. बाहेर पडायचंच झालं तर खिशात कांदा टाकायचा आणि दुपट्ट्यानं डोकं-तोंड असं बांधायचं की सख्ख्या भावानं ओळखू नये. (उधारी चुकवणाऱ्यांना हा मोसम फार सोयीचा.) उरलेला वेळ आडवं पडून थंड हवेच्या ठिकाणांचा विचार करण्यात जातो. वऱ्हाडातल्या सगळ्या मोठ्या सहली मे महिन्याच्या दुपारी ठरतात आणि पहिला पाऊस पडला की त्यातल्या बऱ्याचशा नाल्याला वाहून जातात.

एकेकाळी हा विचार चिखलदऱ्यापर्यंत जाऊन थांबायचा. परतवाड्याहून घाट चढला की अकराशे मीटरच्या वरची हवा, कीचकवधाची कथा सांगणारं भीमकुंड, गाविलगडचा पडका बुरूज, कॉफीची झाडं, हातात भाजलेलं कणीस, आणि अंधाराच्या आत घरी. पण आता मे महिन्यात चिखलदऱ्यालाही खोली घेताना माणूस आधी पंखा चालतो का ते पाहतो. मग बोट नकाशावर वर सरकू लागतं. महाबळेश्वर झालं, शिमला झालं, एकदाचं काश्मीर झालं. मुलं पुण्याला नोकरीला लागली, घरात पासपोर्ट आले, आणि बोट सरकत सरकत युरोपच्याही माथ्यावर गेलं. त्याच्या वर मग पांढरं असतं.

आमच्याकडे ही आखणी दोन शहरांतून चालते. अमरावतीला माझी बायको, अकोल्याला तिची धाकटी बहीण. निर्णय या दोघी फोनवर घेतात. साडभाऊ आणि मी त्यावर चर्चा करतो. साडभाऊंची शेती अकोटच्या बाजूला: कपाशी, तूर, थोडी संत्री. पुण्याचा भाचा एक्सेलची शीट बनवून पाठवतो, तिच्यात पाच देशांचे पाच रंग. सासूबाई नव्वदीच्या घरात आहेत. त्या येणार नाहीत, पण प्रश्न सगळ्यात जास्त त्यांचेच.

पाचांतले चार देश गळायला वेळ लागला नाही. डेन्मार्क पहिल्याच बैठकीत गेला, कारण तिथली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा १७१ मीटर भरते आणि अकोला शहरच समुद्रसपाटीपासून २८० मीटरवर आहे. अकोल्याहून शंभर मीटर खाली उतरून डोंगर पाहायला कोण जाईल? फिनलंडची गंमत वेगळी. त्या ५५ लाख वस्तीच्या देशात तीसेक लाख सौना आहेत म्हणतात. सौना म्हणजे लाकडाची बंद खोली, आत ऐंशी-नव्वद अंश, तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि घाम गाळत बसायचं. युनेस्कोनं २०२० साली ही परंपरा मानवजातीच्या वारशात घेतली. साडभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे पैसे भरून, इमानानं जाऊन, गरम खोलीत बसायचं? आपल्या वरच्या माळ्यावर काय वाईट हाय?’ फिनलंडचा रंग भाच्यानं पुसून टाकला.

आइसलंड मात्र मला जाता जाता चटका लावून गेला. त्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या अकोला शहराची ४ लाख २५ हजार होती. जागा मात्र महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. ‘मंग सगळे एकमेकाले वळखत असतीन,’ साडभाऊ म्हणाले. ‘लग्नाच्या पत्रिका वाटतानी काय हाल होत असतीन त्यायचे.’ पण तिथला दगड आपल्याच कुळातला, बेसाल्ट. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थरावर थर पसरून आपलं दख्खनचं पठार झालं. गाविलगडचे डोंगर त्याचेच आणि पूर्णाकाठची काळी मातीही मुळात त्याचीच. आइसलंडला हेच काम अजून चालू आहे. २०२१पासून रेक्याव्हिकच्या जवळच जमीन फाटून लाव्हा पुन्हा पुन्हा वर येतो आहे. आपला दगड पिकून माती झाला, त्यात कापूस येतो. त्यांचा अजून कच्चा आहे. हा मुद्दा मी बैठकीत मांडला तर मेव्हणी म्हणाली, ‘दगड पाह्यला नाही जायचं भाऊजी, थंडी पाह्यला जायचं आहे.’ मेव्हणीशी वाद घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

राहिले स्वीडन आणि नॉर्वे. स्वीडनच्या बाजूनं मी एकटाच होतो, आणि माझं कारण अस्सल अमरावतीचं होतं. आमचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं. त्याचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं, हे अमरावतीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण १९४९ साली मंडळाचे लोक स्टॉकहोमला, दुसऱ्या लिंगियाडला गेले होते, ही गोष्ट मागे पडली आहे. लिंगियाड म्हणजे पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामशिक्षकाच्या नावानं भरलेला जागतिक मेळावा. लिंगनं १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची राजमान्य संस्था काढली. आपल्या शाळांतून ड्रिलच्या तासाला जे एक-दोन-तीन-चार करत हात वर-खाली केले जायचे, त्याची एक मुळी थेट या गृहस्थापर्यंत जाते. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झालेली, आणि अमरावतीच्या तालमीतली माणसं त्या लिंगच्या गावात आपली प्रात्यक्षिकं करायला गेलेली. तेव्हा कोणी एक्सेलची शीट केली नसेल. त्यांनी तिथे काय खाल्लं असेल, आणि जुलैतला तो न संपणारा उजेड पाहून रात्री कसे झोपले असतील, याचा मी पुष्कळ विचार करतो. घरात कोणी करत नाही. नॉर्वे बहुमतानं पास झालं.

मग खरी अडचण उभी राहिली. आम्ही उन्हाला कंटाळून उत्तरेकडे निघालो होतो, आणि भाच्यानं शीटमध्ये लाल अक्षरांत लिहून पाठवलं की ट्रॉम्सो गावात २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही.

मी त्याला पुन्हा फोन करून विचारलं. खरं होतं. ट्रॉम्सो ध्रुववृत्ताच्याही वर, ६९ अंशांच्या पुढे. आपण २१ अंशांच्या जरा खाली. अकोल्याचा जूनमधला मोठ्यात मोठा दिवस आणि डिसेंबरमधला लहानात लहान यांत फरक पडतो तो अडीच तासांचा. तेवढ्या फरकावर आपण वर्षभराचे सण, वेळा, नेमधर्म बसवले आहेत. तिथे मधोमध दोन महिने दिवस आणि हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्यच नाही.

सासूबाईंनी पलंगावरून पहिला प्रश्न टाकला. ‘मंग दिवेलागण केव्हा करतात?’

कोणालाच उत्तर सुचलं नाही. भाच्यानं फोनवर सांगितलं की आजी, तिथे दिवेलागण होतच नाही, रात्री बारा वाजता ऊन असतं. त्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मंग तिन्हीसांजेले घरात लक्ष्मी येते केव्हा?’ नॉर्वेकडे जमिनीखालच्या तेलाच्या कमाईचा जगातला सगळ्यात मोठा सरकारी निधी आहे. म्हणजे लक्ष्मी कुठल्यातरी वेळी येऊन गेलेली दिसते. पण हे मी मोठ्यानं म्हणालो नाही.

शेजारच्या जैन काकू सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मग तिथं तर कधीही जेवता येईल.’ मग स्वतःच म्हणाल्या, ‘नाही, मन मानणार नाही.’ बायकोची काळजी संकष्टीची होती. चंद्र केव्हा उगवतो ते पाहून उपास सोडायचा, आणि तिकडे जूनमधली पौर्णिमासुद्धा पुष्कळदा क्षितिजाखालीच उरकते. शेवटी संकष्टी कॅलेंडरातल्या अमरावतीच्या वेळेनं सोडायची, असा तोडगा निघाला. ट्रॉम्सोचे मुसलमान रमजानचे रोजे मक्केच्या वेळेनं सोडतात, हे ऐकल्यावर तो घरात सर्वमान्य झाला.

साडभाऊंची अडचण पंचांगातलीच, पण वेगळ्या पानावरची. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला. पाऊस येवो न येवो, मृगाला शेतकरी आपल्या शेतात पाहिजे. बियाणं, खत, मजूर, ट्रॅक्टर, सगळं तेव्हाच. ‘मृगाच्या आत परत,’ त्यांनी सांगितलं, ‘नाहीतं मी येत नाही, तुम्ही जा.’ भाच्यानं दोन्ही तारखा शेजारी मांडल्या. मध्यरात्रीचा सूर्य सुरू २० मेला, मृग ७ जूनला. मधली फट अडीच आठवड्यांची. नॉर्वेच्या पर्यटनाला वऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी निसर्गानं एवढीच खिडकी उघडी ठेवली आहे. पण खिडकी चांगली आहे. डोंगरांवरचा बर्फ तेव्हा वितळत असतो म्हणून धबधबे जोरात, हार्डांगरच्या बाजूला सफरचंदांना मोहोर, आणि दोन-तीन दिवस आधी पोचलात तर १७ मे हा त्यांचा संविधान दिनही मिळतो. त्यांचं संविधान १८१४चं. त्या दिवशी पोरं झेंडे घेऊन रस्त्यावर आणि मोठी माणसं पारंपरिक कपड्यांत. फक्त ट्रोलस्टिगेनसारखे उंचावरचे घाटरस्ते तेव्हा बर्फानं बंद असू शकतात.

यावर साडभाऊंनी नवाच पेच टाकला. त्यांना उत्तरेचा प्रकाश पाहायचा होता, तो हिरवा, आभाळात पडद्यासारखा हलणारा. मी सांगितलं की तो दिसायला अंधार लागतो. मेमध्ये आभाळ काळंच होत नाही, त्यासाठी दिवाळीच्या सुमारास किंवा पुढे जावं लागेल. ‘येवढे पैसे भरायचे तं दोन्ही दिसले पाह्यजे,’ साडभाऊ म्हणाले. ‘टूरवाल्याले सांगून पाहा.’ मी म्हटलं, टूरवाल्याच्या हातात नाही. ‘सांगून पाह्यला काय जाते?’ या प्रश्नाला वऱ्हाडात उत्तर नसतं.

मग त्यांची समजूत घालायला मी त्या प्रकाशाची माहिती काढली आणि ती मला अकोटच्या रस्त्यावरच्या कृषी केंद्रात घेऊन गेली. हा प्रकाशसुद्धा सूर्याचंच काम. सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून ध्रुवांकडे वळतात आणि शंभर किलोमीटरच्या वर हवेतल्या ऑक्सिजनला पेटवतात. सूर्यावरचं वादळ मोठं असलं तर तो खाली दक्षिणेकडेही दिसतो. मे २०२४मध्ये लडाखच्या हानलेतून आभाळ लाल झालेलं टिपलं गेलं. हे कोडं उलगडायच्या कामी लागलेला मोठा माणूस म्हणजे नॉर्वेचा क्रिस्तियान बिर्केलान. त्यानं काचेच्या निर्वात पेटीत एक चुंबकी गोळा टांगला, त्यावर विजेचे कण सोडले आणि खोलीतल्या खोलीत उत्तरेचा प्रकाश करून दाखवला. पण संशोधनाला पैसा लागतो. तो मिळवायला त्यानं १९०३च्या सुमारास साम आइदे या इंजिनिअरबरोबर एक युक्ती काढली: विजेच्या प्रचंड ठिणगीतून हवा सोडायची, त्यातला नायट्रोजन पकडायचा आणि खत करायचं. त्यातून १९०५ साली नोर्श्क हिद्रो ही कंपनी निघाली. पुढे दुसऱ्या स्वस्त पद्धती आल्या आणि ठिणगीची भट्टी मागे पडली, पण खताचा धंदा राहिला. कंपनीच्या खतांच्या शाखेतून २००४ साली ‘यारा’ वेगळी झाली. साडभाऊ संत्र्याच्या ठिबकमधून जे कॅल्शियम नायट्रेट सोडतात, त्या पिशवीवर तेच नाव आहे.

मी त्यांना गोदामात नेऊन पिशवी दाखवली. निळ्या खुणेत शिडाचं जहाज. ‘हे व्हायकिंगांचं जहाज,’ मी म्हटलं. ‘नॉर्वे तुमच्या गोदामात केव्हाचं येऊन बसलं आहे.’ साडभाऊंनी पिशवी उलटी-सुलटी केली, जहाजावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, ‘भाव काऊन वाढवते मंग हे लोक?’

बिर्केलान-आइदेंच्या त्या धंद्यासाठी धबधब्याच्या विजेवर एक गाव वसलं, र्‍युकान. खोल दरीत. इतक्या खोल की सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात ऊन म्हणून पडत नाही, समोरच्या डोंगराच्या शेंड्यावर तेवढं दिसतं. कंपनीनं १९२८ साली माणसांना ऊन खायला वर नेणारा रोपवे बांधून दिला. आणि २०१३ साली गावानं डोंगरावर साडेचारशे मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसवले. सूर्य सरकेल तसे आरसे फिरतात आणि खाली चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. तो सुरू झाला त्या दिवशी लोक काळे चष्मे लावून, खुर्च्या टाकून त्या तुकड्यात बसले होते.

मी या गावावर अडकलो. आम्ही ताट्या ओल्या करून, खिडक्यांना पोती लावून ज्याला घराबाहेर ठेवतो, त्याला आरसे लावून घरात बोलावणारी माणसं जगात आहेत आणि ती आपल्याच खताचं मूळ गाव धरून आहेत! सहल नॉर्वेची म्हणून सुरू झाली होती, पण शीट जसजशी भरत गेली तसतसा एकच विषय वर येत राहिला. कुठे ऊन किती, केव्हा, कसं चुकवायचं, कसं मिळवायचं. वऱ्हाडी माणूस उत्तरेला जातो तो फ्योर्ड पाहायला नाही. तो सूर्याशी जुनं भांडण मिटवायला जातो, आणि तिथे पोचल्यावर कळतं की भांडायला माणसं दुसऱ्या बाजूनंही उभी आहेत. र्‍युकान शीटमध्ये आलं. अंदाजे खर्चाच्या रकान्यात साडभाऊंच्या सांगण्यावरून भाच्यानं लिहिलं: ‘उन्हाचे पैसे लागत असल्यास आपल्याकडून नेणे.’

बर्गन शीटमध्ये आधीपासूनच होतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, निम्म्याहून कितीतरी अधिक दिवस पावसाचे. अकोल्याचा पाऊस सात-आठशे मिलिमीटर, तोही दरवर्षी रुसून. साडभाऊंना बर्गन पाहून दुःखच होईल अशी मला भीती आहे. तिथे जुन्या व्यापारी लाकडी घरांची ब्रिगेन नावाची रांग आहे, सगळे प्रवासी तिचे फोटो काढतात. मी त्या पानावर आणखी एक ठिकाण घातलं, सेंट योर्गेन्सचं कुष्ठरुग्णालय. आता तिथे संग्रहालय आहे. बर्गनलाच १८७३ साली डॉ. आर्मावर हॅन्सननं सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. तोवर हा रोग शाप किंवा पिढीजात दोष समजला जाई. जंतूमुळे होतो हे कळल्यावर निदान रोग्याच्या घराण्याची तरी सुटका झाली. त्या रुग्णालयातले शेवटचे रोगी १९४६ साली वारले. आणि स्वातंत्र्याच्या आगेमागेच इकडे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीबाहेरच्या माळावर तपोवन उभं केलं, तिथे ज्यांना गावानं बाहेर काढलं होतं ती माणसं शेती करू लागली, लाकूडकाम करू लागली, घरं मांडू लागली. अमरावतीच्या माणसानं बर्गनला जाऊन मासळीबाजार पाहावा आणि हे पाहू नये, हे मला बरं दिसत नाही. मेव्हणीनंही या ठिकाणाला हरकत घेतली नाही.

बाकी आखणी म्हणजे घासाघीस. फ्लोमची रेल्वे घ्यायची की नाही? वीस किलोमीटरांत साडेआठशेहून जास्त मीटर उतरते, तासभर लागतो. आमच्या शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूर ते अचलपूर केलेल्या माणसाला तासाला वीस किलोमीटर हा वेग परका वाटणार नाही, तिकीट मात्र वाटेल. लार्डालचा साडेचोवीस किलोमीटरांचा बोगदा घ्यायचाच, असं साडभाऊंचं म्हणणं. जगातला सगळ्यात लांब रस्त्याचा बोगदा, चालक पेंगू नये म्हणून मध्ये निळ्या दिव्यांच्या गुहा केलेल्या. रस्त्यांच्या बाबतीत अकोल्याचा माणूस आता विक्रमाखाली बोलत नाही. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद आहे. त्याआधी तो रस्ता किती वर्षं होता आणि कसा होता, याची नोंद गिनीजवाले घेत नाहीत.

साडभाऊंना खरा धक्का दिला तो नॉर्वेच्या १९५७च्या कायद्यानं. मोकळ्या रानात कोणीही हिंडावं, तंबू ठोकावा, घरापासून दीडशे मीटर लांब असलं म्हणजे झालं. मालकाला विचारायची गरज नाही. ‘विचारायची गरज नाही?’ त्यांनी तीनदा विचारलं. ज्या मुलखात धुऱ्याच्या वीतभर जागेसाठी दोन पिढ्या कोर्टात जातात, तिथल्या माणसाला हे पचणं अवघड. पेरलेल्या शेतात मात्र ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर पाय टाकायला मनाई आहे, हे ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ‘बराबर हाय. खरीप त्यायचाही असन.’

पैशांचं काय सांगावं? एक नॉर्वेजियन क्रोन म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. कॉफीचा पेला चाळीस-पन्नास क्रोनांना. बायको आणि मेव्हणी यांनी कॉफी सोडल्याचं जाहीर केलं. पाणी मात्र नळाचं प्यावं, फुकट आणि चांगलं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातून गेलेला माणूस तिथे पहिल्या दिवशी सगळी भांडी भरून ठेवेल, अशी माझी खात्री आहे. खाण्याची पिशवी वेगळी: जवसाची चटणी, तिळाची चटणी, ठेचा, धापोडे, कुरड्या, पोहे. तुपाचा डबा यादीतून काढावा लागला, कारण युरोपबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. त्यावर सासूबाईंचं मत असं, की ज्या देशाला तूप चालत नाही तिथे काय ती थंडी सोसायची. तिथे बकरीच्या दुधाचं निवळ पाणी आटवून तांबूस गोडसर चीज करतात, ते पोळीला लावून पाहायचं ठरलं आहे. आणि एक गोष्ट वरूड-मोर्शीकडच्या बागाईतदारांच्या कानावर घालावी अशी: ईस्टरच्या सुटीत नॉर्वेचे लोक डोंगरात जातात, बर्फात बसतात आणि संत्री सोलून खातात. रीतच आहे ती.

आता कागद. नॉर्वे युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, व्हिसा शेंगेनचा. फी ९० युरो, विमा निदान ३० हजार युरोंचा, बँकेचं पुस्तक, प्राप्तिकराचं विवरणपत्र, परतीचं तिकीट. माझी पेन्शन, माझं विवरणपत्र, माझं काम सोपं. साडभाऊंच्या शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. मग तुम्ही परत याल याचा पुरावा काय? भाचा म्हणाला, सातबारा जोडा, इंग्रजीत भाषांतर करून. त्या भाषांतराला आम्ही तिघं बसलो. पोटखराबा म्हणजे काय, विहीर सामाईक म्हणजे किती जणांची, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा कसा आला, हे सगळं परक्या साहेबाला समजेल अशा शब्दांत लिहायचं. खाली पीकपाहणी: कापूस, तूर, संत्रा. साडभाऊ म्हणाले, ‘बोजा ठेवा. बोजा असलेला माणूस परत येतेच.’ आणि सोबतच्या पत्रात त्यांनी सांगितलं तसं एक वाक्य मी इंग्रजीत घातलं, की अर्जदाराची पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्यामुळे तिकडे राहून जाणं त्याला शक्य नाही. मला वाटतं, व्हिसाच्या इतिहासात इतकं सरळ कारण कोणी दिलं नसेल.

एप्रिल २०२५पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान जातं. म्हणजे अकोल्याच्या मंडळींना नॉर्वेला जाण्यासाठी आधी अमरावतीला यावं लागेल. ही गोष्ट मी शीटमध्ये वेगळ्या रंगात लिहून ठेवली आहे.

वाचकांपैकी कोणाचा विचार असेल तर एवढंच सांगतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंतच घेतात. मे महिन्यात कूलरसमोर पडून मेचीच सहल ठरवली तर हाती काही लागत नाही. डिसेंबरात, वऱ्हाडात शेकोट्या पेटतात आणि थंड देशाचं नाव काढलं तर घरचे वेड्यात काढतात, नेमके तेव्हा कागद काढा. आणि शेती असेल तर सातबारा जोडायला विसरू नका.